मोटेतली कसर

लातूरच्या औसा रोडवर सिद्धराम बिराजदार यांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. शटरबाहेर दारं काढलेले दोन-तीन फ्रिज उभे असतात, तेवढ्यावर गिऱ्हाईक ओळखतं. वय एकोणसाठ. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि खांद्याला चामड्याची पिशवी. ही पिशवी त्यांनी धंदा सुरू केला त्या वर्षी उदगीरला शिवून घेतली. छत्तीस वर्षांत तिचा पट्टा तीनदा बदलला, पिशवी तीच आहे. औसा रोडवर त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांचे ते मिस्त्री.

काम संपलं की मिस्त्री फ्रिजच्या दारात वर्तमानपत्राची एक पट्टी धरतात, दार लावतात आणि पट्टी ओढून बघतात. सहज सरकली तर रबर सैल आहे, थंडी बाहेर जाणार. अडकली की ते पिशवी उचलतात आणि घरातल्यांना एकच वाक्य सांगतात, "कसर न्हाई राहिली." पावती नाही, हमीचा कागद नाही. या वाक्यावर छत्तीस वर्षं धंदा चालला. त्याच कामासाठी पुन्हा बोलावणं यावं असं क्वचितच झालं, आणि झालं ते त्यांना घराच्या पत्त्यासकट आठवतं.

कसर म्हणजे उणीव, आणि लोकर, कागद, कातडं खाणाऱ्या किडीलाही कसरच म्हणतात, हे मिस्त्रींना कुठल्याही मराठी माणसाइतकंच माहीत होतं. दोन्ही कसरी एकाच कामात गाठतील असं मात्र वाटलं नव्हतं. ते लातूरजवळच्या मुरुडला झालं.

मुरुडच्या एका महाविद्यालयाच्या आवारात शेतीच्या जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. दोन खोल्या आणि एक पडवी. तिफण, पांभर, बलुत्याची मापं, दगडी जाती अशा दोनशेच्या वर वस्तू. त्यांत कातड्याच्या पंधरा. हलग्या, डफ, एक खोगीर, पाण्याची पखाल, माहूरच्या एका गोंधळी घराण्यानं दोन वर्षांसाठी दिलेलं संबळ आणि मधोमध, मोठ्या काचपेटीत, एक मोट.

मोट शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आप्पासाहेबांची. आप्पासाहेब आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल मेला तेव्हा त्याच्या कातड्याची ही मोट झाली. कातडं गावातच तरवडाच्या सालीत कमावलेलं. पंधरा वर्षं तिनं विहिरीतून पाणी काढलं. मग विजेची मोटर आली आणि मोट पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. तिथं ती चाळीस वर्षं होती. संग्रहालय मागायला आलं तेव्हा आप्पासाहेबांनी ती उतरवून, तेल लावून दिली. आता तशी धड मोट आसपासच्या चार तालुक्यांत कुणाकडे निघाली नाही.

संग्रहालयाचं काम मंजुश्री कंधारकर बघते. ती नांदेडची, तिशीतली. जुन्या वस्तू टिकवायच्या कशा, याचं शिक्षण घेऊन आलेली. ऑगस्टमध्ये एका सकाळी तिला मोटेखालच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी भुकटी दिसली. तिनं भिंग लावलं. भुकटीत केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती होत्या, आणि मोटेच्या शिवणीत दोन अळ्या जिवंत होत्या.

"घासलेट मारू का बाई?" संग्रहालयाचे शिपाई श्रीमंत यांनी विचारलं. "नाहीतर पावडर हाय. धान्याला टाकत होतो आमी."

"काही मारायचं नाही," मंजुश्री म्हणाली. "घासलेटानं कातडं खराब होतं. आणि विषारी पावडर आत गेली की ती कायमची. उद्या मुलं हात लावतात."

"मग कसर मरावी कशी?"

"थंडीनं."

श्रीमंत हसले. ते बावीस वर्षं लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानावर होते. पोत्यातल्या किड्यांशी त्यांचा जुना परिचय होता आणि त्यांतला एकही थंडीनं मेलेला त्यांनी पाहिला नव्हता.

तरी उपाय साधा होता. वस्तू सुती कापडात गुंडाळायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, हवा काढून पिशवी बंद करायची आणि उणे वीस अंशांत दोन आठवडे ठेवायची. कीड, अळी, अंडी, सगळं मरतं. विष नाही, डाग नाही. फक्त उणे वीस देणारी मोठी पेटी हवी आणि ती पेटी जाणणारा माणूस हवा. मंजुश्रीनं चौकशी केली. तिला तिघांनी एकच पत्ता सांगितला.

मिस्त्री एसटीनं मुरुडला आले, मोट बघितली आणि मंजुश्रीचं म्हणणं ऐकून घेतलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "थंडीनं कातडं तडकत न्हाई का? पाण्याची बाटली फुटती आमच्या फ्रिजात."

"बाटलीत पाणी असतं म्हणून फुटते. वाळलेल्या कातड्यात तेवढं पाणीच नसतं. फक्त गार असताना ते कडक होतं, तेव्हा वाकवायचं नाही, दाबायचं नाही. आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर..."

"घाम येईल," मिस्त्री म्हणाले. "बाटलीला येतो तसा. तो पिशवीला आला तर चालतोय, मोटेला न्हाई आला पायजे."

मंजुश्रीनं नंतर सांगितलं, की हे एवढंच समजवायला तिला एका मोठ्या शहरातल्या कार्यालयात दोन तास लागले होते.

पेटीसाठी मिस्त्री मल्लिनाथकडे गेले. मल्लिनाथचं आइस्क्रीमचं दुकान आहे, दोघं एकाच मठाचे. मल्लिनाथनं हात जोडले.

"मिस्त्री, तुमच्यासाठी जीव देईन, पण पेटी मागू नका. उद्या गाव म्हणंल, मल्लिनाथच्या कुल्फीत बैलाचं कातडं."

"मग जुनी दे. मागं पडलेली."

"ती न्या. फक्त वापस आणू नका." मग त्यानं मिस्त्रींच्या गळ्याकडे बघून डिवचलं, "लिंगायताचं पोरगं तुमी, या वयात बैलाचं कातडं हातात घेऊन राहिलात?"

"लिंग गळ्यात हाय, तिथंच हाय," मिस्त्री म्हणाले. "हात मोकळे हायेत. पेटी उचलायला चार माणसं दे."

घरी महादेवीनं, त्यांच्या पत्नीनं, विषय एका वाक्यात संपवला. "अवो, मोटेचं आइस्क्रीम झालं की पहिली वाटी आप्पासाहेबांनाच द्या."

पेटी मुरुडला आली. मिस्त्रींनी तिचं रबर बदललं, गॅस भरला, पट्टी ओढून बघितली. पण मोट आत घालण्याआधी त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, पाने आणि मीटर बाहेर काढून टेबलावर मांडले आणि रिकामी पिशवी मंजुश्रीपुढे धरली.

"आधी ही घाला."

"काका, ही तुमची रोजची पिशवी. काही झालं तर?"

"म्हणूनच. मोट दुसऱ्याची हाय."

चार दिवस मिस्त्री पाने प्लास्टिकच्या बादलीत घेऊन लातूरभर फिरले. पिशवी बाहेर आली, एक दिवस बंद राहिली, मग उघडली. टाका न टाका जागेवर होता. दोन सप्टेंबरला मोट आत गेली.

पुढचे चौदा दिवस मिस्त्री दर दोन दिवसांनी आले. लातूरची सकाळची कामं उरकून एसटी धरायची, म्हणजे मुरुडला पोचायला दुपारचे दोन व्हायचे. तापमापक दर वेळी उणे वीस दाखवायचा, एकदा उणे एकोणीस. सोळा तारखेला मोट बाहेर काढली, दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली. शिवणीतल्या दोन्ही अळ्या वाळून पडल्या होत्या. मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली.

"कसर न्हाई राहिली," ते म्हणाले.

मोट काचपेटीत गेली. खाली नवं पांढरं कापड. एक ऑक्टोबरला त्या कापडावर चिमूटभर ताजी भुकटी होती आणि भुकटीत एक अळी चालत होती.

मंजुश्रीनं फोन केला तेव्हा मिस्त्री एका घराच्या स्वयंपाकघरात होते. ते काम त्यांनी पूर्ण केलं. पट्टी ओढून बघितली. पण त्या घरातल्या बाईंना आठवतं, की त्या दिवशी मिस्त्री काही न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुरुडला ते मोटेकडे गेलेच नाहीत. सरळ पेटीकडे गेले. पेटी चालू होती, तिच्यात आता हलग्यांची पाळी होती. त्यांनी हलग्यांची गाठोडी उचलून बाजूला ठेवली आणि तळाकडे बघत राहिले. मग बोटाच्या पेरानं तळ वाजवला. टक् टक् असा काचेसारखा आवाज आला.

"बाई, इकडं या. हे काय दिसतंय?"

"बर्फ."

"कसला?"

मंजुश्रीला प्रश्न कळला नाही.

"सतत थंड राहणाऱ्या पेटीत बर्फ पांढरा धरतो. भुसभुशीत. नखानं निघतो. हा बघा, आरपार दिसतोय. हे पाणी हाय. पाणी होऊन खाली उतरलं, मग पुन्हा गोठलं. एकदा न्हाई, लई वेळा." ते सरळ उभे राहिले. "श्रीमंतराव, इथं लाइट किती जाती?"

"दिवसा जाती-येती. रातची मालूम न्हाई, मी सहाला घरी जातो."

"जाताना काय करता?"

"काय म्हंजी? खिडक्या लावतो, मेन स्विच पाडतो, कुलूप घालतो."

मिस्त्री आणि मंजुश्री दोघांनी पेटीच्या तारेकडे बघितलं. श्रीमंतांना वाटलं, आपल्या कामावर शंका घेतली जाते आहे. ते जरा घुश्शात म्हणाले, "बावीस वर्षं आडतीवर होतो, मिस्त्री. एक दिवस मेन पाडायचा विसरलो न्हाई. शेजारचं दुकान जळालं, आमच्या पोत्याला धग लागली न्हाई. इथं बी चार वर्षं झाली. मेन पाडल्याबिगर कुलूप लावायचं न्हाई."

सहाला मेन पडत होता, सकाळी दहाला चढत होता. सोळा तास पेटी बंद. पहाटेपर्यंत आतली थंडी शून्याच्या आसपास येत असणार. दहानंतर पेटी पुन्हा गार व्हायला लागे आणि दुपारी दोनला, मिस्त्री तापमापक बघत तेव्हा, बरोबर उणे वीसवर असे.

मंजुश्री खुर्चीवर बसली. "म्हणजे आपण त्यांना रोज थोडी थोडी थंडी दिली. हळूहळू थंडी वाढली तर हे किडे सरावतात. एकदम पडली तरच मरतात. आपण त्यांना सवय लावली."

"आता मला फाशी द्या," श्रीमंत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कसूर माझा हाय. पण ती पेटी रातची बी चालू ठेवायची, हे कुणी तरी सांगायचं का न्हाई?"

मंजुश्री उत्तर द्यायला गेली, पण मिस्त्री आधी बोलले.

"मी सांगायचं होतं. माझ्या दुकानात रोज मेन कोण पाडतो? मीच पाडतो. छत्तीस वर्षं पाडून राहिलो. आन् मला इथं विचारावं वाटलं न्हाई." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "कसूर नका म्हणू, श्रीमंतराव. कसर हाय, आन् ती माझी हाय."

पाच ऑक्टोबरला संग्रहालय समितीची बैठक झाली. मिस्त्रींना कुणी बोलावलं नव्हतं, ते स्वतः गेले. अध्यक्षांना काळजी होती ती बाकीच्या चौदा वस्तूंची, विशेषतः संबळाची. ते दुसऱ्याचं, देवीच्या कामाचं, आणि माहूरला परत जायचं होतं. मोटेतली कीड तिकडे गेली तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. त्यांचं म्हणणं होतं की मोट आवारात मागे नेऊन जाळावी आणि विषय संपवावा.

"तुम्हीच म्हणालात ना मिस्त्री, कसर राहिली नाही?"

"म्हणालो. चुकलं."

"का चुकलं?"

"पेटी सतत चालती का, ते मी तपासलं न्हाई."

श्रीमंतांचं नाव त्यांनी घेतलं नाही. पुढची बैठक पाच डिसेंबरला होती. त्यांनी तेवढी मुदत मागितली. पाच डिसेंबरला एक जरी जिवंत अळी किंवा चिमूट ताजी भुकटी दिसली, तर मोट जाळायची. समितीनं हे लिहून घेतलं आणि मिस्त्रींनी खाली सही केली. कामाच्या कागदावर सही करण्याची त्यांची ही पहिली वेळ.

बातमी शिरूर अनंतपाळला पोचली. दोनच दिवसांत आप्पासाहेब काठी टेकत मुरुडला आले. मोट तेव्हा दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून वेगळ्या खोलीत ठेवली होती. त्यांनी बाहेरूनच पाहिली.

"चाळीस वर्षं माझ्या गोठ्यात होती, कसर लागली न्हाई. तुमच्या काचंत लागली," ते मंजुश्रीला म्हणाले. "चुलीचा धूर लागायचा तिला. दर साल करंजाचं तेल लावायचो मी. तुमी काय लावलं? चिठ्ठी."

शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रींकडे त्यांनी काठी वळवली.

"हे कोण?"

"हे सिद्धराम मिस्त्री. तेच उपचार करताहेत."

आप्पासाहेबांनी मिस्त्रींना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "फ्रिजवाले?"

"हाव."

"जाळायची येळ आली तर मला सांगा, मिस्त्री. जाळू नका. मी नेऊन शेतात पुरतो. बाकीचा पाखऱ्या तिथंच हाय."

मिस्त्रींनी मान हलवली. त्या दिवशी लातूरला परतताना एसटीत त्यांनी तिकिटाच्या मागे पेटीचं चित्र काढलं.

दहा दिवसांत त्या टाकाऊ पेटीचं जवळजवळ सगळं बदललं. मोठा कंप्रेसर बसला. बाहेरून थर्माकोलचा जाड थर चढला. मोट म्हणजे घडी घातलेलं जाड कातडं, तिच्या पोटात हवा अडकून राहते आणि मधला भाग सगळ्यांत शेवटी गार होतो, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी एका भंगारातल्या फ्रिजचा छोटा पंखा काढून पेटीच्या आत बसवला. तापमापकाची तार आता पेटीच्या हवेत नव्हती. ती सुती कापडातून मोटेच्या घडीच्या अगदी मधोमध जात होती आणि आकडा बाहेर काचेवर दिसत होता. आता उणे तीस अंश, तीन दिवस. मग एक दिवस पिशवी न उघडता बाहेर, आणि पुन्हा तीन दिवस उणे तीस. एखादं अंडं वाचून फुटलं असेल तर दुसऱ्या फेरीत मरावं.

मेनचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मंजुश्रीनं स्विचवर चिठ्ठी लावायचं ठरवलं होतं.

"चिठ्ठी नका लावू," मिस्त्री म्हणाले. "त्यांचा हात सहाला आपोआप जातो तिकडं. माझा बी जातो. चिठ्ठी दोन दिवस दिसती, मग दिसत न्हाई."

त्यांनी मीटरपासून पेटीपर्यंत वेगळी तार ओढली, तिला वेगळा स्विच दिला आणि तो स्विच पेटीच्या मागे, जिथं हात पोचत नाही अशा जागी बसवला. श्रीमंतांना सांगितलं, "तुमी रोज मेन पाडत जा. बिनधास्त. तुमच्या मेनचा आन् हिचा आता संबंध न्हाई." श्रीमंतांनी त्याच संध्याकाळी मेन पाडला आणि अंधारात पेटीचा घुमणारा आवाज येतो का, हे दाराला कान लावून ऐकलं. मग कुलूप घातलं.

अठरा ऑक्टोबरला सकाळी मोट आत गेली. पेटी आदल्या दिवसापासून गार होत होती, म्हणजे थंडी एकदम पडेल. आकडा दिवसातून तीन वेळा वहीत लिहायचं काम श्रीमंतांनी मागून घेतलं. दुपारी चारला मिस्त्रींनी औसा रोडवरून फोन लावला.

"श्रीमंतराव, आकडा सांगा."

"तीस."

"तीस?"

"हाव. तीस पुरे."

मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून उभे राहिले. तीस अंश म्हणजे लातूरची साधी दुपार. पेटी बंद पडली असेल, पंखा अडकला असेल, तार तुटली असेल. "झाकण बोटभर उचला, आतल्या कडेला हात लावून बघा. गरम हाय का गार?"

"हात चिकटला की मिस्त्री, येवढं गार हाय."

"मग आकड्याच्या पुढं काय हाय? आडवी रेघ हाय का?"

श्रीमंतांनी पुन्हा काचेशी जाऊन बघितलं. "हाय. मघाशी फडक्यानं पुसली ती. जाईना. मला वाटलं काचंवर घाण हाय."

मिस्त्री इतके हसले, की शेजारचा टायरवाला बाहेर आला. त्या वहीत अठरा तारखेपुढे '३०' खोडून 'उणे ३०' असं श्रीमंतांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक नोंदीत 'उणे' हा शब्द आकड्यापेक्षा मोठा आहे.

वीस तारखेला दुपारी चाळीस मिनिटं वीज गेली. श्रीमंतांनी झाकणावर स्वतःची घोंगडी टाकली आणि कुणालाही खोलीत येऊ दिलं नाही, मंजुश्रीलासुद्धा. आकडा उणे सत्तावीसपर्यंत चढला आणि वीज आल्यावर परत उतरला. दुसरी फेरीही सरळ पार पडली. सव्वीस ऑक्टोबरला पिशवी पेटीबाहेर आली. प्लास्टिकवर दव धरलं, ओघळलं, वाळलं. दुसऱ्या दिवशी ती उघडली. मोट कोरडी होती, कुठं तडा नव्हता. मंजुश्रीनं शिवणी ब्रशनं झाडून जुनी भुकटी, जुन्या काती जितक्या निघाल्या तितक्या काढल्या आणि मोट नव्या पांढऱ्या कापडावर ठेवली. खिडकीजवळची उबदार जागा मुद्दाम निवडली. आत काही जिवंत असेल तर ते हलावं, खावं, दिसावं.

तिनं मिस्त्रींकडे पाहिलं. नेहमीचं वाक्य येईल असं तिला वाटलं. ते आलं नाही. मिस्त्रींनी पिशवीतून एक छोटी डायरी काढली आणि तारीख लिहिली.

मग ते दर सोमवारी येत राहिले. दुरुस्तीचं काही नव्हतं. वर्तमानपत्राची पट्टी ओढून बघण्याची सोय या कामात नाही. कीड मेली की नाही हे फक्त वाट बघून कळतं, आणि वाट बघणं हा फ्रिजदुरुस्तीचा भाग नव्हे. ते कापडाच्या चारी कोपऱ्यांत भिंग फिरवत, डायरीत 'कापड साफ' असं लिहीत आणि पुढच्या एसटीनं जात. या फेऱ्या कुणी मागितल्या नव्हत्या. घरी महादेवी म्हणायची, "सोमवारी देवळात जायचे, आता मोटेच्या दर्शनाला जातेत."

पाच डिसेंबरला समिती थेट त्या खोलीतच जमली. आप्पासाहेब सकाळच्या गाडीनं आले होते. मंजुश्रीनं मोट दोन्ही हातांवर उचलली, मिस्त्रींनी कापड सपाट केलं. कापडाच्या मध्यावर, मोटेच्या पाणी ओतणाऱ्या सोंडेच्या शिवणीखाली, एक तपकिरी ठिपका होता.

अध्यक्षांनी ठिपक्याकडे बोट दाखवलं.

मिस्त्रींनी भिंग घेतलं नाही. ते मंजुश्रीला म्हणाले, "तुमी बघा, बाई. मी बघितलं तर मला पायजे ते दिसंल."

मंजुश्रीनं ठिपका ब्रशच्या टोकानं काळ्या कागदावर घेतला आणि खिडकीशी नेला. तिला बराच वेळ लागला. श्रीमंतांनी तेवढ्यात घोंगडीची घडी दोनदा मोडून दोनदा घातली. शेवटी तिनं भिंग अध्यक्षांच्या हातात दिलं.

"कात आहे. रिकामी. जुनी आहे, ठिसूळ झालीय, टोक लागताच मोडली. मोट उचलताना शिवणीतून गळली. ताजी भुकटी कुठंच नाही."

अध्यक्षांनी पाहिलं, दुसऱ्या सदस्यांना दाखवलं, मग स्वतः वाकून कापडाच्या कोपऱ्यांत पाहिलं. त्यांनी मिस्त्रींच्या सहीचा कागद मागवला आणि त्यावर एक ओळ लिहिली: मोट ठेवावी. बाकीच्या कातडी वस्तू याच पद्धतीनं पेटीत घालाव्यात, संबळ मालकांना विचारून.

आप्पासाहेब उठून मोटेजवळ गेले. मंजुश्रीनं त्यांना अडवलं नाही. त्यांनी मोटेच्या काठावरून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली.

"तेल लावा तिला. कोरडी पडली."

"तेल नाही लावता येणार, आप्पासाहेब. तेलावर धूळ बसते, आणि पुन्हा..."

"बरं, नका लावू. धूर बी न्हाई, तेल बी न्हाई. थंडी देता, द्या." मग ते मिस्त्रींकडे वळले. "काय मिस्त्री, आता तर म्हणा. कसर न्हाई ना राहिली?"

खोलीतले सगळे मिस्त्रींकडे बघत होते. त्यांनी डायरी उघडली.

"सत्तावीस ऑक्टोबर ते आज, एकोणचाळीस दिवस," ते म्हणाले. "एक बी जिवंत दिसली न्हाई. पुढल्या सोमवारी परत बघतो."

आप्पासाहेबांना हे उत्तर पुरेसं वाटलं असावं. ते खाली बसले आणि त्यांनी श्रीमंतांकडे पाणी मागितलं.

मिस्त्री अजून मुरुडला जातात, आता महिन्यातून एकदा. माहूरचं संबळ उणे तीसमधून निघून पुढच्या वर्षीच्या नवरात्राच्या आधी घरी पोचलं. नांदेडच्या एका संग्राहकाकडे साठ-सत्तर जुने डफ आणि हलग्या आहेत. त्यानं पेटीसाठी मिस्त्रींना बोलावलं तेव्हा त्यांनी फोनवर पहिल्यांदा हेच विचारलं, की तुमच्याकडं संध्याकाळी मेन कोण पाडतं.